संत रोझाल्बांनी खाल्लेला गूळ

"पण टीचर, तिनं केलं काय?"

शितलनं हे विचारलं तेव्हा अनुपमा विसाव्या पानावर होती, आणि विसाव्या पानापर्यंत संत रोझाल्बा अकरा वेळा 'मी या जगातली सगळ्यात मोठी पापीण' असं म्हणून चुकल्या होत्या. शिरूरच्या त्या छोट्या चर्चमागच्या खोलीत रविवारच्या वर्गाला एकोणीस पोरं बसली होती, सगळी आठ-नऊ वर्षांची. मोठी पापीण म्हटल्यावर सुरुवातीला ती सरसावून बसली होती. अकराव्या वेळी त्यांचा धीर सुटला.

"केलं म्हणजे... त्यांना वाटायचं, आपण देवापासून लांब आहोत," अनुपमा म्हणाली.

"ते वाटायचं. पण त्याच्या आदी काय केलं आसंल की."

अनुपमानं पान उलटलं. खरं सांगायचं तर हा प्रश्न तिलाही पहिल्या दिवसापासून कुरतडत होता. चारशे वर्षांपूर्वी परदेशातल्या एका मठात बसून या बाईंनी आपल्या आत्म्याची सगळी हकिगत लिहिली, तिचं इंग्रजी झालं, आणि ते चारशे बारा पानांचं बाड फादर सत्यजीत यांनी अनुपमाच्या हातात ठेवलं. त्यातून पोरांसाठी चाळीस पानांचं मराठी पुस्तक करायचं होतं, आणि लिहून होईल तसं ती ते वर्गात वाचून दाखवायची. पोरांना वेदीवरचा पवित्र प्रसाद पहिल्यांदाच मिळायचा होता, म्हणजे त्यांचं पहिलं कम्युनियन व्हायचं होतं, आणि चर्च ज्यांच्या नावाचं, त्या रोझाल्बांविषयी पोरांना ओ का ठो माहीत नव्हतं.

अनुपमा सणसवाडीच्या एका कंपनीत सुरक्षेच्या पाट्या लिहायची. 'यंत्र चालू असताना हात घालू नये' हे वाक्य तिचं. फादरांचं म्हणणं, जी बाई कामगारांना दोन ओळींत शहाणं करते तिला संत अवघड जाणार नाही. अनुपमा हुरळली. आजवर तिनं लिहिलेल्या प्रत्येक ओळीखाली 'आदेशावरून' असं असायचं. या पुस्तकावर तिचं नाव येणार होतं, मुखपृष्ठावर. कंपनीच्या बसमध्ये ती मनातल्या मनात ते नाव कुठल्या रंगात छापायचं याचा विचार करत यायची.

त्या आठवड्यात ती पेन्सिल घेऊन चारशे बारा पानं पुन्हा चाळून निघाली. फक्त पाप शोधत. बाई रडल्या होत्या, अंधारात बसल्या होत्या, धुळीपेक्षा क्षुद्र झाल्या होत्या. पण केलं काय, ते लिहायला काही तयार नव्हत्या. शेवटी तिनं फादरांना गाठलं.

"फादर, या बाईंनी नक्की केलं काय हो?"

"नम्रता आहे ती, अनुपमा. संतांची भाषा."

"नम्रता पोरांना पटत नाही. पोरं रोज विचारतात."

फादरांना दौंडला एका लग्नाला जायचं होतं. गाडीची किल्ली शोधत ते म्हणाले, "मग पोरांना पटेल असं लिहा की."

आता याचा अर्थ 'सोपं करून लिहा' असा होता, हे तुम्हांला कळतंय, मला कळतंय. अनुपमालाही कळलं असणार. पण माणसाला जे करायचं असतं त्याला मुभा मिळाली की माणूस जास्त विचारत नाही. त्या संध्याकाळी तिनं लिहिलं: नऊ वर्षांची रोझाल्बा मठाच्या कोठीत शिरली, गुळाचा मोठा खडा खाल्ला आणि आळ मांजरावर घातला. त्या देशात गूळ असतो का, हा विचार तिच्या मनात आला आणि तिनं तो घालवला. कोठीवाल्या बाईंना नाव हवं होतं. समोर खिडकीतून रस्त्यापलीकडचं पुतळाबाईंचं किराणा दुकान दिसत होतं, दारात राहू गावच्या गुऱ्हाळावरची गुळाची ढेप ठेवलेली. तिनं कोठीवालीचं नाव लिहिलं, पुतळाबाई.

रविवारी हा धडा वाचताना वर्गात टाचणी पडली तर ऐकू आली असती.

"केवढा खडा?" शितलनं विचारलं.

"मुठीएवढा."

"आन् मांजराला मार बसला?"

"थोडा."

वर्ग हळहळला. संत रोझाल्बा त्या दिवशी पहिल्यांदा शिरूरच्या झाल्या. अनुपमानं सगळ्यांना झेरॉक्स वाटल्या आणि एक प्रत वरच्या, म्हणजे बिशपांच्या कार्यालयात पाठवली. तिथं पुस्तकं तपासणारे एक वयोवृद्ध, विद्वान फादर होते. त्यांनी हो म्हटलं की दोन हजार प्रती छापायच्या असं ठरलं होतं.

मग आला पहिल्या कन्फेशनचा शनिवार. एकेका पोरानं जाळीच्या पेटीत गुडघे टेकून फादरांना आपली पापं सांगायची. पोरांची तयारी चर्चच्या सिस्टरांनी करून घेतली होती. आत काय बोललं जातं ते फादर कुणाला सांगत नाहीत. मरेपर्यंत नाही, मेल्यावर तर नाहीच. सांगितलेल्या पोरालाही बाहेर भेटल्यावर त्याविषयी चकार शब्द काढत नाहीत. तेव्हा आत काय झालं ते मीही सांगू शकत नाही. बाहेरून दिसलं एवढंच की सातव्या पोरानंतर फादर पाणी प्यायला उठले, आणि तेराव्यानंतर दारात येऊन बराच वेळ पुतळाबाईंच्या दुकानाकडं बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर त्या बाईविषयी फार मोठी करुणा होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुतळाबाई दुकान झाडत असताना एक पोरगं आलं, स्टीलचा डबा पुढं केला, म्हणालं, "मावशी, माफ करा," आणि उभं राहिलं. डब्यात गुळाचा खडा. पाठोपाठ दुसरं आलं. दहा वाजेपर्यंत एकोणीस झाली.

पुतळाबाईंना काही उमजेना. पण कुणाचा भरला डबा आला तर तो रिकामा परत द्यायचा नसतो, एवढं त्यांना उमजत होतं. त्यांनी प्रत्येक डब्यात दोन-दोन शेंगदाण्याचे लाडू घातले. दुपारी त्या तडक चर्चच्या पायरीशी आल्या.

"फादर, ही पोरं मला गूळ का देत्यात?"

"मला सांगता येत नाही, पुतळाबाई."

"म्हंजी तुमाला म्हाईत हाय."

"तेही सांगता येत नाही."

"तुमचा कसला सण हाय का?"

"मी काहीच बोलू शकत नाही," फादर म्हणाले आणि आत गेले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

अनुपमाला वेगळीच काळजी. गुळाचा धडा वाचलात का, हे ती फादरांना तीनदा विचारून आली आणि गुळाचं नाव निघताच तीनदा फादरांनी छताकडं पाहिलं. "गुळाविषयी मी बोलू शकत नाही," एवढंच. धडा आवडला नाही म्हणावं तर तसं तोंडावर सांगणारा माणूस. कुतूहलानं तिला जेवण जाईना. शेवटी तिनं शितलला कोपऱ्यात घेतलं. पोरांवर कसलंच बंधन नव्हतं.

"सिस्टर म्हणाल्या, तीन तरी पापं पायजेत," शितल म्हणाली. "मी लई शोधलं टीचर. माझ्याकडं एकच हुतं, तेबी बारकं. सम्राटकडं तर कायच न्हाई. मंग आमी पुस्तकातलं घेतलं."

"सगळ्यांनी?"

"मुठीएवढा खडा, आन् मांजराचं. फादर म्हणले, ज्याचं घेतलं त्याला नेऊन द्या. पुतळाबाईंचं नाव तुमीच लिवलंय की."

म्हणजे धडा न वाचताच फादर समजून बसले होते की आपल्या चर्चच्या एकोणीस पोरांनी मिळून समोरचं दुकान लुटलं.

इथं थांबलं असतं तरी चाललं असतं. पण पुढच्या शनिवारी कन्फेशनला तीस पोरं आली. लाडवांची बातमी तळेगाव ढमढेरेपर्यंत गेली होती आणि तिथली कॅथलिक पोरं जीपनं आली होती. पलीकडच्या वजीरभाईंची शायना तर कन्फेशनच्या भानगडीत न पडता सरळ डबा घेऊन पुतळाबाईंकडं गेली. तिलाही दोन लाडू मिळाले. पुतळाबाई आता आदल्या रात्रीच दाणे भाजून ठेवत होत्या.

चर्च कमिटीचे ज्ञानूमामा ती रांग बघून गहिवरले. "वीस वर्सं कमिटीत हाय मी," ते म्हणाले. "दोन पोरं हाताला धरून आणाय लागायची. ही पुस्तकाची करामत हाय, अनुपमा." त्यांनी लगोलग वरच्या कार्यालयाला पत्र धाडलं. उलट टपाली मंजुरी आली. 'गुळाचा प्रसंग विशेष हृद्य. पुस्तक छापावे.' ज्ञानूमामांनी पुढचंही ठरवून टाकलं: संतीणबाईंच्या सणाला वेदीपुढं गुळाची ढेप ठेवायची, मग ती फोडून सगळ्यांना वाटायची, आणि दरवर्षी हीच प्रथा पाडायची.

मंजुरीचं पत्र अनुपमानं चार वेळा वाचलं. आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. मुखपृष्ठावर तिचं नाव येणार होतं, आणि त्याच्याच वर 'संत रोझाल्बा यांच्या आत्मचरित्रावरून'. जी बाई चारशे बारा पानांत एक चोरी कबूल करत नव्हती, तिला आपण मराठीत चोर केलं. वर आता ढेप. पन्नास वर्षांनी कुणी विचारलं तर लोक सांगणार, आमच्या संतीणबाईंना गूळ फार आवडायचा. खरं बोलावं तर पुस्तक जातं, गप्प बसावं तर संतीणबाईंची अब्रू जाते. दोन दिवस तिनं तळमळून काढले आणि शनिवारी पोरांच्या रांगेत शेवटी जाऊन उभी राहिली.

तिनं आत काय सांगितलं ते तिनंच मला सांगितलंय, म्हणून लिहितो. "फादर, त्यांनी गूळ खाल्लाच नव्हता. मी लिहिलं ते. माझ्या मनचं." पलीकडची खुर्ची कुरकुरायला लागली, अंग गदगदा हलणाऱ्या माणसाखाली कुरकुरते तशी. फादर रडतायत की हसतायत हे तिला आजतागायत कळलेलं नाही. शेवटी ते म्हणाले, "पोरांना खरं सांगा. हेच प्रायश्चित्त."

रविवारी तिनं सांगितलं. फळ्याकडं तोंड करून सांगणार होती, पण मग वळली आणि पोरांकडं बघून सांगितलं.

"म्हंजी तिनं गूळ खाल्लाच न्हाई?" शितल म्हणाली.

"नाही. ते मी खोटं लिहिलं. माझं चुकलं."

"आन् मांजर?"

"मांजरही नव्हतं."

गुळापेक्षा मांजराचं दुःख जास्त झालं. मग शितलच्या कपाळाला आठी पडली. "टीचर, मंग आमी फादरला सांगितलं ते?"

"तेही खोटंच झालं."

"कन्फेशनमदी खोटं बोललो आमी?"

एकमेकांकडं बघता बघता पोरांचे चेहरे हळूहळू उजळायला लागले. "मंग आता हाय की आमच्याकडं पाप," शितल म्हणाली. "आमचं सोताचं." आणि अनुपमा थांबा म्हणायच्या आत एकोणीस पोरं चर्चकडं पळाली. फादर मिस्साची उपासना आटोपून नाश्त्याला बसले होते. त्यांना तसंच उठून पेटीत बसावं लागलं. पण या वेळी शिक्षा फक्त प्रार्थनेची मिळाली असावी, कारण एकही डबा पुतळाबाईंकडं गेला नाही. त्या संध्याकाळपर्यंत दारात बसून होत्या, लाडू झाकून. अनुपमानं जाऊन त्यांनाही सगळं सांगितलं. "मग काय झालं," त्या म्हणाल्या, "लाडवाला कुठं पाप लागतं," आणि तिच्याच पदरात बांधून दिले.

अनुपमानं तो धडा नव्यानं लिहिला. 'संत रोझाल्बांनी काय केलं होतं, हे त्यांनी कुठंच सांगितलेलं नाही. आम्ही खूप शोधलं.' त्याखाली शितलचं मत, तिच्या नावानिशी: 'तिच्याकडे पण पाप नसेल. कुणीतरी सांगितलं असेल की पाहिजेच.' झालेली चूक पत्रात कबूल करून तिनं हस्तलिखित वर पाठवलं आणि मुखपृष्ठावरचा रंग मनातून काढून टाकला.

आठ दिवसांनी त्या विद्वान फादरांचं उत्तर आलं. ते घेऊन ती फादर सत्यजीतांकडं गेली. आता सगळं वर्गात बोलून झालं होतं, त्यामुळं फादरांच्या तोंडाचं कुलूप निघालं होतं. त्यांनी चष्मा लावून मोठ्यानं वाचलं.

"'आपण नम्रतेपोटी स्वतःला दोष देत आहात. गुळाचा प्रसंग मूळ ग्रंथात आहे. सेमिनरीत धर्मगुरूपदाचं शिक्षण घेत असताना मी तो स्वतः वाचला असून चाळीस वर्षे प्रवचनांत सांगत आलो आहे. तो परत घातल्यास पुस्तक लगेच छापता येईल.'"

फादरांनी कागद उलटा करून मागं काही लिहिलंय का ते बघितलं.

"मी नाही घालणार परत," अनुपमा म्हणाली. दोन हजार प्रती तिच्या डोळ्यांसमोरून चालल्या होत्या. "नाही छापलं तर नाही. पण फादर, त्यांना पान नंबर विचारू का?"

"नको. म्हातारा माणूस आहे, कशाला अडचणीत टाकायचं." फादरांनी पत्राची घडी घालून तिच्या हातात दिली. "एवढंच कळवा, की शिरूरला दर शनिवारी चार ते पाच कन्फेशन असतं."