बायडाक्का समुद्राला गेली

बायडाक्का एका जागी सलग दोन रात्री झोपत नाही. माधवनगरला तिची एकच खोली आहे, दहा बाय दहाची. तेवढ्यात माणूस जागा बदलून बदलणार किती? पण ती बदलते. सोमवारी दारापाशी, मंगळवारी गॅसच्या कट्ट्याला पाय लावून, बुधवारी कपाटाखाली डोके घालून. तिच्या शेजारच्या खोलीत मी अकरा वर्षे राहिले. मधली भिंत एकच. आज अंथरूण कुठल्या कोपऱ्यात पडले आहे ते मला तिच्या खोकल्यावरून कळायचे.

आम्ही दोघी कुपवाडला बेदाणा निवडायला जायचो. काड्या काढायच्या, काळे मणी बाजूला करायचे. सगळे बसून करायचे काम. बाकीच्या बायका सकाळी मांडी घालायच्या ते जेवणाच्या सुट्टीलाच उठायच्या. बायडाक्का तासाला ढीग बदलायची. शेडचा मुकादम वैतागला.

"मावशी, बेदाणा सगळा एकच हाय. हितला काय न् तितला काय."

"आसंल एकच. पर हितलं गवत सपलं."

हे तिचे ठरलेले वाक्य. लग्नात शेवटचा घास तोंडात असतानाच ती उठायची, "चल इंदे, हितलं गवत सपलं." दवाखान्यात नंबर यायच्या आत तेच. एकदा आम्ही शेडमधल्या एकीच्या सासऱ्याच्या दहाव्याला गेलो होतो. ती बिचारी गळ्यात पडून रडत होती. बायडाक्काने तिची पाठ चोळली, डोळे पुसले, पदर सारखा केला आणि मला म्हणाली, "चल, हितलं गवत सपलं." मी खाली मान घालून चपला शोधत राहिले. दुसरीचीच चप्पल पायात अडकवून घरी आले.

तिचे माहेर दुष्काळी खटावातले, वडूजकडचे, मेंढरांचे. लहानपणी दिवाळी झाली की बाप मेंढरे घेऊन घाट उतरायचा, पाठीमागून घोड्यावर भांडीकुंडी, कोकरे आणि ही. एका रानात दोन रात्री, तिसऱ्या दिवशी तळ हलला. पुढे माधवनगरच्या गिरणीत काम करणारा नवरा मिळाला. गिरणी गेली, नवरा गेला, मूल झाले नव्हतेच. मेंढरेही भावाने विकली. चालायला कोणी उरले नाही, पण हिचे पाय काही थांबले नाहीत.

आता मला तिला एक गोष्ट सांगायची होती. माझ्या मुलाने पुण्यात फ्लॅट घेतला आणि जूनच्या पहिल्या तारखेला मी तिकडे कायमची जायचे ठरले. मुलाने सामानाला टेम्पोसुद्धा सांगून ठेवला. आणि बायडाक्काला मी काहीच बोलले नव्हते. मी मुळात कमी बोलणारी. आमच्या दोघींत बोलायचे काम तिचे, मान हलवायचे माझे. महिनाभर रोज ठरवायची, आज कामावर जाताना वडापच्या जीपमध्ये सांगू. वडापात तिच्या मांडीवर कोणाचे तरी पोते असायचे आणि ती त्या माणसाशी भांडत असायची.

मे महिन्यात शेडचे काम कमी झाले. एका सकाळी ती माझ्या दारात पिशवी घेऊनच उभी राहिली.

"इंदे, ऊठ. समुद्र बघायचा."

"कुठला?"

"किती हाईत? लुगडी घे दोन. न्हाईतर तीन घे, भिजनार हाईस."

तिचे म्हणणे असे, की लहानपणी इतकी वर्षे कोकणात उतरलो पण समुद्र पाहिला नाही. बाप दोन कोस अलीकडेच मेंढरे वळवायचा. म्हणायचा, पुढं खारं पानी हाय, मेंढरं खुळी हुत्यात. मी म्हटले बरे झाले. चार दिवस दोघीच असू. कुठेतरी ती बसेल, तेव्हा सांगू.

बायांना एसटीत अर्धे तिकीट, त्यामुळे बायडाक्का सांगलीच्या स्टँडवर मालकिणीसारखी चढली. कोल्हापूरपर्यंत तिने चार वेळा सीट बदलली. घाट लागला तशी ती खिडकीतून निम्मी बाहेर.

"ह्या वळनावर आमचं घोडं घसरलं हुतं. त्या तितं माज्या आयनं भाकरी थापल्या हुत्या, आन वरनं माकडानं नेल्या."

"अक्का, मला तुला एक सांगायचं हाय."

"थांब, पलीकडच्या अंगाला दरी हाय." आणि ती पलीकडच्या माणसाला उठवून त्याच्या जागी जाऊन बसली. तो माणूस माझ्याशेजारी आला. त्याला काय सांगणार?

मालवणला उतरल्यावर चहा नाही, तोंड धुणे नाही, ती तडक वाळूत. मी दोन्ही पिशव्या घेऊन मागे. समुद्र दिसला तशी ती थांबली. मला वाटले, आता हिला काहीतरी वाटणार. तिने वाकून ओंजळ भरली, तोंडात घेतली आणि थुंकली.

"बा खोटं बोलत न्हवता." मग कमरेवर हात ठेवून तिने उजवीपासून डावीपर्यंत सगळा समुद्र तपासला. "एवढं पानी, आन प्यायला एक घोट न्हाई. आमच्या खटावात ह्याच्यापरास काय येगळं हाय?"

आम्ही तीन रात्री राहिलो आणि तीन घरांत राहिलो. पहिल्या घरची बाई फार चांगली. सोलकढी दिली, पंखा दिला, उश्या दिल्या. सकाळी बायडाक्काने पिशवी बांधली तशी तिचे तोंड उतरले.

"काय कमी पडला, सांगा तरी."

"काय न्हाई गं बाय. सगळं लय ब्येस हाय. म्हनून तर निघालो."

त्या बाईने माझ्याकडे पाहिले. मी नेहमीप्रमाणे मान हलवली. भर उन्हात माडांच्या सावल्या शोधत आम्ही दुसरे घर धुंडाळले. पाय भाजत होते. मी मागून म्हटले, "अक्का, जरा बसू की कुठंतरी. बोलायचं हाय." ती म्हणाली, "चालता चालता बोल की." पण ती पंधरा पावले पुढे. ओरडून सांगायची ती गोष्ट नव्हती.

तिसऱ्या दिवशी तिने ते पिवळे केळे पाहिले. रबराचे, लांबलचक, हवा भरलेले. त्यावर माणसे ओळीने बसतात आणि पुढची मोटारबोट ते ओढत नेते. मी नको म्हणायच्या आत तिने जाकिटे मागितली. बोटवाला पोक्त माणूस होता. त्याने आमच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले.

"काकीनू, वय काय तुमचा?"

"दुष्काळात जलमले."

"खंयच्या?"

"ते इचारू नगा. आमच्याकडं लय झालं."

तिने लुगड्याचा कासोटा आवळला आणि घोड्यावर बसावे तशी टांग टाकून पुढे बसली. मी तिच्या मागे, डोळे मिटून. बोट निघाली. ती "हुर्रर्र, हुर्रर्र" करून मेंढरे हाकल्यासारखी त्या केळ्याला हाकत होती. लाटांवर आम्ही ताटातल्या चिंचोक्यासारख्या उडत होतो. किनारा लहान झाला, माणसे मुंगीएवढी झाली, आणि बोटवाल्याने असे काही गर्रकन वळवले की केळे पालथे आणि आम्ही पाण्यात.

मला वाटले संपले. पण जाकिटाने वर आणले. डोळे उघडले तर शेजारी बायडाक्का भोपळ्यासारखी तरंगत होती. केस सुटलेले, पाय हलतायत पण कुठे पोचत नाहीत. अकरा वर्षांत पहिल्यांदा तिला पुढे जाता येत नव्हते. मी म्हटले, हीच वेळ.

"अक्का! मी पुन्या..."

तोंडात लाट गेली. मी खोकत राहिले. ती हसत हसत बोटवाल्यावर ओरडत होती, "मुद्दाम पाडलंस व्हय रं?"

"काकी, पाडूचेच पैसे आसत."

"मग आदी सांगायचं न्हाई? पदर तरी खवला असता!" मग माझ्याकडे वळून, "तू काय म्हनालीस?"

"काय न्हाई," मी म्हटले. एवढ्या पाण्यात, एवढ्या हसण्यात ते शब्द मला पुन्हा काढता आले नाहीत.

चौथ्या दिवशी सकाळी आम्ही स्टँडवर आलो. कोल्हापूरची गाडी लागली नव्हती. आठ दिवसांनी टेम्पो दाराशी येणार आणि तिला तो टेम्पो बघूनच कळणार, या विचाराने मला नाष्टासुद्धा गिळवला नव्हता. बाकावर आमची ओली लुगडी वाळत टाकली होती. बायडाक्का फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या घालत होती. चौकशीच्या खिडकीवर तिने तीनदा विचारले. आतला माणूस म्हणाला, "आजी, गाडी येईल तेव्हा दिसेल, मोठी असते." मग ती आली आणि माझ्याशेजारी टेकली. माझ्याकडे न बघता, समोरच्या उसाच्या गाड्याकडे बघत म्हणाली,

"औंदा तू चटणी केली न्हाईस."

मी पिशवीचा बंद सोडून पुन्हा बांधला.

"दर साली मिरच्या आनायला माज्या आदी तू तयार. औंदा म्हनालीस, नगं. दुसऱ्या डंकावर कांडाय गेली असंल म्हनून मी तितं जाऊन बी इचारलं. सालाची चटणी न करनारी बाई त्या घरात साल काढनार न्हाई. एवढं मला कळतंय की."

"म्हंजी तुला म्हाईत हुतं?"

"चैतापासनं."

"मग बोलली का न्हाईस? मी हितं चार दिस झुरतीया."

"तू बोलाय लागलीस की मी उठत हुते." ती नखाने बाकाचा रंग खरवडत राहिली. "तुज्या तोंडनं आयकलं आसतं तर खरं झालं आसतं."

मला रडू आले. मी ओल्या लुगड्याच्या घड्या घालायला लागले. ती म्हणाली, "वाळू दे, नीट वाळू दे." मग घडी पुन्हा बाकावर पसरत,

"कितव्या मजल्यावर हाय पोराचं?"

"सातव्या."

"पाळना हाय?"

"लिफ्ट व्हय? हाय की."

तिच्या कपाळावर घाम आला होता. पाण्यात पडली तेव्हा जी हसत होती तीच ही बाई.

"मला त्यात जमत न्हाई, इंदे. मालकाला मिरजंला दवाखान्यात न्हेलं तवा त्यात घातलं हुतं आमाला. दार मिटलं की कुटंच जायाला ऱ्हात न्हाई. जिना आसंल न्हवं?"

"आसंल की."

"आसंल नगं सांगू. बघितलास?"

मी दोनदा गेले होते, दोन्ही वेळा लिफ्टने. जिना मी पाहिलाच नव्हता. मी पिशवीतून फोन काढला आणि मुलाला लावला. चार माणसांत फोनवर बोलायला मला लाज वाटते, पण मी मोठ्याने विचारले.

"आरं, आपल्या बिल्डिंगीला जिना कुटनं हाय?"

"आई, जिना कशाला? लिफ्ट आहे ना."

"तू सांग की."

"मागच्या बाजूला आहे. पार्किंगमधून लोखंडी दार आहे, तिथून. काय झालं?"

"काय न्हाई," म्हणून मी फोन ठेवला आणि तिला सगळे सांगितले. तिने मान हलवत ऐकून घेतले. गाडी फलाटाला लागली, माणसे पळाली, जागा धरायला रुमाल पडले. ती मात्र बाकावरच होती, बोटांवर मोजत, स्वतःशी पुटपुटत,

"मागच्या अंगाला. पार्किंगीतनं. लोखंडी दार. सात मजलं."