पेटीची अडकणारी पट्टी

"डोळे मिटले, तर खुद्द कमलाकर पेटी वाजवतोय असं वाटेल!" विचुंब्याच्या दत्तमंदिरात प्रभाकरने अख्ख्या भजनी मंडळासमोर छाती ठोकून सांगितलं. दुकानदाराने त्याला दोन स्पीकर रविवारपर्यंत ऐकून बघायला दिले होते. कपाटाएवढे! त्यांच्या पायी बायकोचं, म्हणजे शांतीचं, शिलाई मशीन बाल्कनीत कबुतरांच्या हवाली झालं होतं.

शांतीने अट घातली. "गुणाबाईंना फरक कळला, तर ही डबडी परत आणि माझं मशीन जागेवर."

गुणाबाई मंडळातल्या सर्वांत वडीलधाऱ्या. वीस वर्षं कमलाकरच्या पेटीवर गात आलेल्या.

रविवारी हॉलमध्ये चादर आडवी बांधली. तिच्यामागे स्पीकर आणि त्यांच्या मधोमध कमलाकर, मुलगी बघायला आल्यासारखा कडक इस्त्रीत, घामाघूम. पुढे गुणाबाई, निवांत पान चघळत.

आधी सीडी लागली. दत्तजयंतीला कमलाकरने वाजवलेली, प्रभाकरने स्वतः रेकॉर्ड केलेली. मग तोच अभंग कमलाकरने वाजवला.

"पयला कमलाकर," गुणाबाई म्हणाल्या. "दुसरा डबा."

"जिंकलो!" प्रभाकरने उडीच मारली.

चादरीवरून कमलाकरचं डोकं वर आलं. "काकी, मी डबा?"

"अरे, तुझी मधली पट्टी अडकते ना? मग तू ती बोटानं उचलतोस, टक्! आमी त्या टकावर तर टाळ मारतो. पयल्याला टक् व्हता, दुसऱ्याला नाय!"

"कालच दुरुस्त करून आणली," कमलाकर कसाबसा म्हणाला. "स्पीकरसमोर इज्जत जायला नको म्हणून!"

शांती पदरात तोंड खुपसून हसली. त्याने कमलाकर आणखीच पेटला. "गुरुवारी भजनाला डब्यालाच बसवा!"

"बसवू की," गुणाबाई उठत म्हणाल्या. "प्रभाकर, डबं देवळात आन. त्यात टक् हाय."

त्यांच्या शब्दाला नाही म्हणणारा विचुंब्यात अजून जन्मायचा होता.

स्पीकर राहिले, पण देवळात. कमलाकर तिसऱ्या गुरुवारी पेटी घेऊन आला आणि त्यांच्या शेजारी बसला. अभंगातल्या ठरलेल्या जागी पट्टी उचलायला त्याचं बोट अजूनही आपोआप वर जातं.

प्रभाकरच्या हॉलमध्ये शांतीचं मशीन दिवसभर खडखडतं. तो आवाज मात्र अगदी अस्सल आहे, हे प्रभाकरलाही मान्य आहे.