सगळ्यांची भट्टी

"मालक गेला की निम्मी भांडणं गेली! उरलेली निम्मी आपण चहा पिता पिता मिटवू!"

बेकरीतल्या मैद्याच्या पोत्यावर उभे राहून मास्तर बोलत होते. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, मैदा मळणारे. पण समोर दोन माणसं दिसली की त्यांचं समजावून सांगणं सुरू व्हायचं, म्हणून मास्तर. माणसाने माणसाला हुकूम सोडू नये, ज्याला जे जमेल ते त्याने करावं, ज्याला जे लागेल ते त्याला मिळावं, हे ते इतकी वर्षं सांगत आले होते की बेकरीतल्या मांजरालाही पाठ झालं असावं.

आणि आज ते खरंच घडणार होतं! मालकीणबाईंच्या गुडघ्यांनी संप पुकारला होता. पोटी मूलबाळ नाही, बेकरी विकायला मन होईना. त्यांनी सरळ किल्ल्या कामगारांच्या हातात ठेवल्या. "चालवा तुमच्या मनासारखी. पण चौकातल्या हॉस्पिटलातले पेशंट एक वेळ जरी पावावाचून राहिले, तर किल्ल्या मुकाट्याने परत आणायच्या!"

कामगार होते चारच. मास्तर, भट्टी सांभाळणारे मामा, पाव बांधणारी ताई आणि टेम्पोवाला ड्रायव्हर.

"आजपासून कुणाचं काम ठरलेलं नाही," मास्तर म्हणाले. "सगळी कामं सगळ्यांची!"

"म्हणजे मी मळू शकतो?" मामांनी विचारलं. जन्मभर भट्टीतली राख ओढून त्यांच्या भुवयाही करड्या झाल्या होत्या.

"खुशाल मळा!"

"मग राख कोण ओढणार?" ताई म्हणाली.

"ज्याला दिसेल तो!"

राख सगळ्यांना दिसली. मास्तरांना तर दोनदा दिसली. पण प्रत्येकाला वाटलं, आता दुसऱ्याला दिसेल.

मळायच्या लाकडी हौदाभोवती मात्र गर्दी! मामांनी हौसेने यीस्ट घातलं. ते हात धुवायला गेले, तेवढ्यात ताई आली. यीस्ट राहिलं असेल, म्हणून तिने घातलं. ड्रायव्हर टेम्पो पुसून आला, त्यालाही बेकरी आपली वाटायला लागली होती, त्याने मूठभर जास्तच घातलं. शेवटी मास्तर आले आणि स्वतःशी म्हणाले, "शेवटी आपल्यालाच बघावं लागतं!"

दुपारी हौदाचं झाकण हललं.

आधी जरासं वर झालं, नमस्कार करणाऱ्या माणसाच्या टोपीसारखं. मग कलंडलं आणि धाडकन खाली पडलं. आतून पांढराशुभ्र, टम्म फुगलेला मैदा वर आला आणि जेवून उठलेल्या पैलवानासारखा हळूहळू काठावर रेलला.

"बाप रे!" ड्रायव्हर म्हणाला.

"भट्टी पेटवा!" मास्तर ओरडले.

पेटवली. पण राखेने गच्च भरलेली ती भट्टी, धुराड्यातही काजळी! सगळा धूर उलटा बेकरीत आला. चौघं खोकत रस्त्यावर आले. हॉस्पिटलातलं संध्याकाळचं जेवण तोंडावर आलेलं, भट्टी थंड, आणि आत मैदा वाढतोच आहे!

"बैठक घेऊ," मास्तर म्हणाले. "ठराव पहिला, मैद्यावर वजन ठेवावं."

दोन मतं बाजूने, दोन विरोधात.

"आपण पुन्हा चर्चा..."

"मास्तर, अहो, तो उंबऱ्यापर्यंत आला!" ताई किंचाळली. तिने चर्चेची वाट पाहिली नाही. तान्हं मूल उचलावं तसा एक गोळा उराशी धरला आणि शेजारच्या शिंपिणीचं दार ठोठावलं. "काकू, ओव्हन आहे ना? हॉस्पिटलचा पाव अडलाय!"

शिंपिणीने हातातला सदरा तसाच मशीनखाली सोडला. लॉन्ड्रीवाला परात घेऊन धावला. वरच्या मजल्यावरच्या आजींनी खिडकीतून दोरीला बांधून डबा खाली सोडला. "भरा रे, पण काठाला तेल लावा!" पलीकडच्या गल्लीतला केकवाला, ज्याचं आणि मालकीणबाईंचं बारा महिने वाजायचं, तो स्वतः आला, कमरेवर हात ठेवून मैद्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "माझी भट्टी तापलेली आहे. आणा चटकन!"

मास्तर जागच्या जागी उभे होते. पापण्यांवर मैदा, ठरावासाठी वर केलेलं बोट तसंच! कुणी कुणाला सांगत नव्हतं. जिना उतरणारा डबा चढणाऱ्या डब्याला वाट देत होता. ज्याच्याकडे ओव्हन नव्हता तो गोळे वळत होता, ज्याला वळता येत नव्हतं तो ने-आण करत होता. मालकीणबाई काठी टेकत आल्या. आता किल्ल्या मागणार, म्हणून मास्तरांचा हात खिशात गेला. बाईंनी नुसतं "सरका" म्हटलं, स्टुलावर बसल्या आणि बाह्या वर केल्या.

मग वास आला. या खिडकीतून, त्या खिडकीतून, गच्चीवरून, तळघरातून. सगळी गल्ली एकच भट्टी झाली होती. जन्मभर पावाच्या वासात राहिलेल्या मास्तरांना तो वास नवाच वाटला. एवढी वर्षं आपण जे बोललो ते असं दिसतं? त्यांनी कधी विचारच केला नव्हता, की ते दिसेल!

कुणाचा पाव गोल, कुणाचा बशीएवढा चपटा, आजींचा तर डब्याच्या आकाराचा! पण टेम्पो वेळेवर हॉस्पिटलात पोहोचला आणि एकही पेशंट उपाशी राहिला नाही.

"बाई, पाहिलंत?" मास्तर बाईंपुढे येऊन म्हणाले. "चालतं! माणसं खरंच अशी वागतात!"

"चाललं खरं. माझेही हात आपोआप चालले." बाई गुडघा चोळत उठल्या. "पण आज घाईगर्दी होती, मास्तर. उद्या साधा मंगळवार आहे."

ते वाक्य मास्तरांच्या जिव्हारी लागलं. दुसऱ्या दिवशी उजाडताच जुने कपडे घालून ते राख ओढायला निघाले. बेकरीत पाऊल टाकलं आणि थबकले. भट्टीच्या तोंडातून आधीच मामांचे नुसते पाय बाहेर दिसत होते. ताई काजळी खरवडत होती. ड्रायव्हर धुराड्यात कमरेपर्यंत घुसला होता. कुणीही कुणाला सांगितलं नव्हतं!

मास्तरांचे डोळे भरून आले. तेही आत शिरले. चौघांनी मिळून भट्टी अशी लख्ख केली की विटांचा रंग पहिल्यांदाच कळला. कोळशासारखी तोंडं घेऊन चौघं एकमेकांकडे कौतुकाने बघत राहिले.

दारात काठी वाजली.

"अगंबाई! काय चकाचक भट्टी!" मालकीणबाई खरोखर हरखल्या. मग त्यांनी हौदात डोकावलं. "आणि मैदा कुणी मळलाय?"

मामांनी ताईकडे पाहिलं, ताईने ड्रायव्हरकडे, ड्रायव्हरने मास्तरांकडे.

मास्तर ताईच्या कानाशी लागले.

"ताई, जरा गल्लीत हळूच विचारून येता का, कालचा पाव उरलाय का कुणाकडे?"