आवाज बाहेर ठेवणारे बनसोडे सर

आमच्या वाचनालयाचे ग्रंथपाल बनसोडे सर कुजबुजत बोलतात. वाचनालयात ठीक आहे. पण ते हॉटेलात चहा मागतानाही कुजबुजतात, आणि एकदा तर अंगावर येणाऱ्या रिक्षावाल्याला "अरे, थांब, थांब" असं कुजबुजताना मी त्यांना पाहिलंय. रिक्षा अर्थातच थांबली नाही.

मंडईतल्या भाजीवाल्या मावशींची समजूत आहे, की सरांना घशाचं काहीतरी मोठं दुखणं आहे. "तुमी बोलू नका, नुसतं बोट दाखवा," म्हणत त्या पिशवीत आल्याचा एक तुकडा फुकट टाकतात. सर मंद्रूपला बहिणीकडे निघाले, की एसटीचा कंडक्टर त्यांच्या तोंडाशी कान नेतो आणि मग तोही कुजबुजायला लागतो. सगळी गाडी या दोघांकडे संशयानं बघत राहते.

वाचनालयाच्या दारात त्यांचं एकच वाक्य असतं: "चप्पल बाहेर, आवाज बाहेर." बँकेतून निवृत्त झाल्यापासून मी रोज तिथं पेपर वाचायला जातो. शिंक आली तर जिन्यात जाऊन शिंकतो.

अशा माणसानं या उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांसाठी कवितांची स्पर्धा जाहीर केली, तीही ध्वनिमुद्रित! कविता स्वतःची हवी, स्वतःच म्हणायची आणि फोनवर रेकॉर्ड करून पाठवायची. घरी जमत नसेल त्यांनी वाचनालयात यायचं. आम्हा पेपर वाचायला येणाऱ्या म्हाताऱ्यांना वाटलं, सरांना ऊन लागलं.

घरून आलेल्या कवितांत कुकरच्या शिट्ट्या होत्या, आणि मुलांपेक्षा आयांचे आवाज जास्त होते. एक आई तर मागून सारखी ओरडत होती, "हात कर की रे, हात!" सरांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं आणि गंभीरपणे म्हणाले, "हात चांगले केले असणार त्यानं."

वाचनालयात येणाऱ्या मुलांची तऱ्हा वेगळी. सरांचा धाक असा, की ती चोरीचा बेत सांगितल्यासारखी कविता म्हणायची.

"जरा मोठ्यानं," सर कुजबुजायचे.

"एवढं?" पोरगं कुजबुजायचं.

"हं. अजून थोडं."

रेकॉर्डिंगमध्ये फक्त पंखा ऐकू यायचा.

मग एका दुपारी श्रावणी गुंडेटी आली. सातवीतली, दोन घट्ट वेण्या घातलेली.

"ओ सर! कवितेचं हितंच हाय काय?"

माझ्या शेजारी वाचत बसलेल्या अण्णा बिराजदारांच्या हातातला पेपर खाली पडला. श्रावणीच्या वडिलांचे यंत्रमाग राहत्या घराला लागूनच होते. "आमच्यात हळू बोललेलं कुणालाच ऐकू येत नाही की," तिनं खुलासा केला.

सरांनी फोन पुढे धरला. तिनं पहिली ओळ म्हटली आणि खिडकीतली कबुतरं उडाली. "हळू," सर म्हणाले. तिनं हळू म्हणून पाहिलं आणि दुसऱ्याच ओळीला अडली. परत सुरुवात केली, परत अडली. शेवटी डोळे पुसत म्हणाली, "मोठ्यानं म्हटल्यावरच येतंय ओ सर. जाऊ द्या, माझं नाव काढा."

अण्णा उठले. "बनसोडे, वाचनालय आहे का बाजार? मी कमिटीवर आहे, विसरू नका. उद्यापासून पोरं बंद."

श्रावणी चपलांकडे निघाली होती. सर नेहमीप्रमाणे मान हलवून गप्प बसतील, असं आम्हाला वाटलं. ते उभे राहिले, आणि इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच त्यांचा खरा आवाज ऐकला. भारदस्त होता, जरा गंजलेला.

"श्रावणी, थांब. अण्णा, तुमी सगळेजण पेपर घेऊन जिन्यात बसा. तिचं झालं की बोलवतो."

"मी? जिन्यात?"

"व्हय. कमिटीत काय सांगायचं ते सांगा. आज तिची कविता होऊ द्या."

त्या आवाजानं आम्ही असे दचकलो, की निमूट बाहेर पडलो. एकेका पायरीवर एकेक ज्येष्ठ नागरिक, मांडीवर पेपर. आतून श्रावणी खणखणीत आवाजात म्हणत होती:

लाईट गेली की माग थांबतात,
माग थांबले की आई बोलते.
दिवसभराचं सगळं बोलते,
माझं नाव पण घेते.
लाईट आली की परत
नुसते ओठ हलतात तिचे.

जिन्यात अण्णांनी पेपरची घडी घातली, मोडली, परत घातली. मग दाराकडे तोंड करून म्हणाले, "बनसोडे, परत एकदा म्हणायला सांगा की तिला. लाईटीपासून."

कमिटीत त्यांनी तक्रार केली नाही. बक्षीस मात्र श्रावणीला मिळालं नाही. बाहेरून आलेल्या परीक्षकांना एका मुलाची झाडावरची कविता आवडली. तीही चांगली होती.

समारंभ उरकल्यावर सरांनी नवीनच काम काढलं. ज्यांना बक्षीस मिळालं नव्हतं, त्या प्रत्येकाच्या घरी ते फोन करू लागले, त्याच्या कवितेतली आपल्याला आवडलेली ओळ सांगायला. पण परत कुजबुजत! पलीकडची माणसं घाबरायची. एक आजोबा "ओटीपी देणार नाही, हां!" असं ओरडले आणि त्यांनी फोन आपटला. सरांनी पुन्हा लावला.

"आता पुरे की सर," मी म्हणालो.

"पोरं एका कोपऱ्यात बसून लिहितात ओ," ते म्हणाले. "कुणीतरी नीट ऐकलं, एवढं तरी कळू द्या त्यांना."

गेल्या आठवड्यात संध्याकाळी सर वाचनालयाला कुलूप लावत होते आणि त्यांचा फोन वाजला. त्यांना कुणाचा फोन आल्याचं मी तोवर कधी पाहिलं नव्हतं. स्पीकर चालू नव्हता, तरी श्रावणीचा शब्द न् शब्द मला खालच्या पायरीपर्यंत ऐकू आला.

"ओ सर, नवीन केलीय! आत्ता म्हणू का? का घरी वाट बघालेत तुमची?"

सरांनी कुलूप ओढून पाहिलं. "नाही," ते म्हणाले. "घरी कुणी नाही."

"मग वेळ हाय की तुमाला!"

"हाय," सर म्हणाले, आणि किल्ली खिशात टाकून पायरीवर बसले. "लई वेळ हाय. म्हण."