वामनरावांचे मानद सभासद

नळाचं पाणी गेलं की आमच्या चाळीतली माणसं बादल्या घेऊन विहिरीकडे धावत. शेजारचे वामनराव मात्र दारात उभे राहून, डोंगर फोडून शहराला पाणी आणणाऱ्या कुणा जर्मन गृहस्थाची हकिकत सांगत. "साधा माणूस नव्हे हो, मानद सभासद!" भरलेली बादली हातात धरून मी ती वीसदा तरी ऐकली असेल.

वामनराव पिंपरीच्या आमच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन, मी टायपिस्ट. यंत्रं बसवायला आलेल्या एका जर्मन इंजिनियरने परत जाताना त्यांना आपल्या तांत्रिक विद्यापीठाची पुस्तिका दिली. विद्यापीठाने मानद सभासद करून घेतलेल्या मंडळींची नावं आणि कर्तृत्व तीत छापलं होतं. दुसऱ्या कुणी ती रद्दीत घातली असती. यांनी शब्दकोश घेऊन पाठ केली. एकटा जीव, घरी थांबवणारं कुणी नाही. माझी दाढ ठणकत होती तेव्हाही हे उशाशी बसून पोलादी पुलाचं गणित समजावत होते.

एकदा कारखान्याच्या मोठ्या पंपाचा दांडा मोडला. नवा बोटीने यायला तीन महिने लागणार. वामनरावांनी मोशीच्या धोंडिबा लोहाराला आणलं. त्याने मोडका दांडा हातात फिरवून पाहिला आणि चार दिवसांत भट्टीवर नवा घडवला. पंप चालू झाला. साहेबांनी धोंडिबाला चहा पाजला आणि विषय संपला.

वामनरावांच्या लेखी तो तिथे सुरू झाला. 'धोंडिबाला मानद सभासद करावे,' असं इंग्रजी पत्र ते विद्यापीठाला धाडणार होते. टाइप अर्थात मी करायचं. सात वेळा केलं! एकदा स्वल्पविराम राहिला म्हणून, एकदा 'स्किल्ड' हा शब्द त्यांना फिका वाटला म्हणून.

"वामनराव, लोहाराला तिकडे कोण विचारतंय?" मी वैतागून म्हणालो.

"म्हणूनच लिहायचं ना!"

दोन महिन्यांनी उत्तर आलं. आभारी आहोत, पण असा सन्मान देण्याची आमची पद्धत नाही. मी मनात म्हटलं, सुटलो. तर रविवारी सकाळी हे सायकल घेऊन दारात हजर. "चला मोशीला. त्याला सांगायला हवं."

धोंडिबा विळ्यांना धार लावत बसला होता. वामनराव उभ्या उभ्याच म्हणाले, "नाही म्हणाले ते. चूक माझी. मला नीट लिहिता आलं नाही."

"काय लिवलं व्हतं?"

"तुमच्याबद्दल."

धोंडिबाने विळा खाली ठेवला. "माज्याबद्दल? मंग त्यांचा कागुद ऱ्हाऊ द्या. तुमचा हाय का? वाचा की."

वामनरावांनी खिशातून नक्कल काढली. न विचारता तासन्‌तास बोलणाऱ्या या माणसाला 'वाचा की' असं आजवर कुणी म्हटलं नसावं. पहिल्याच ओळीला त्यांनी चष्मा काढला. पुसला, घातला, पुन्हा काढला.

शेवटी मीच कागद घेतला आणि मराठीत सांगू लागलो. धोंडिबाची बायको पीठभरल्या हातांनी दारात येऊन उभी राहिली.

"जरा सावकास," ती म्हणाली.

मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.