साडेनऊ इंचांची रिंग

"बाजारातली रिंग? आपल्या घरात? शक्यच नाही!" असं म्हणून मायक्रॉनसाहेबांनी बाह्या सरसावल्या, तेव्हाच बायकोने कपाळाला हात लावायला हवा होता. साहेब कारखान्यात बेअरिंग बसवण्याच्या खात्याचे प्रमुख. दोन भागांत केसाएवढी फट दिसली तरी त्यांना घास गिळवत नसे, म्हणून कामगारांनी हे नाव ठेवलेलं. साहेबांना ती पदवी वाटायची!

त्यांची लेक शाळेच्या बास्केटबॉल संघात होती. बॉल रिंगमध्ये टाकणं सोडलं, तर तिला सगळं जमायचं. त्या दिवशी संध्याकाळी सामना होता, आणि कोचसरांनी मोठ्या मनाने संघाचा एकुलता एक धड बॉल तिच्याकडे सरावाला दिला होता. वर बजावलंही होतं, "पाचला बॉलसकट हजर! नाहीतर संघातून बाहेर!"

साहेबांनी बॉल मापला. साडेनऊ इंच. मग लोखंडी पट्टी वाकवली, वेल्डिंग केलं, आतून आरशासारखी घासली आणि रिंग अंगणातल्या भिंतीत सिमेंटने पक्की केली. नट-बोल्ट वगैरे काही नाही. पुन्हा काढता येईल अशी वस्तू बनवणं साहेबांना कमीपणाचं वाटे.

लेकीने बॉल टाकायला सुरुवात केली. भिंत झाली, खिडकी झाली, बायकोच्या वाळत घातलेल्या चादरी झाल्या. शेवटी एकदा बॉल नेमका रिंगवर जाऊन बसला. बसला म्हणजे बसलाच!

"बाबा, खाली येत नाहीये!"

"नवीन आहे ना, जरा टाइट असणारच," साहेब कौतुकाने म्हणाले. शिडी आली. ग्रीसचा डबा आला. मग लाकडी हातोडा आला. चार ठोक्यांत बॉल अर्धा आत गेला आणि तिथे असा रुतला की वर येईना, खाली जाईना.

"अहो, पडायला जागा कुठे ठेवलीत?" बायकोने विचारलं.

"जागा ठेवायची म्हणजे कामात खोट ठेवायची!"

लेक रडायलाच लागली. साडेचार वाजत आले होते. शेवटी बायकोने कोचसरांना फोन केला. ते स्कूटरवरून धावत आले आणि मान वर करून बघतच राहिले.

"रिंग केवढी आहे?"

"बॉलएवढी. साडेनऊ!" साहेबांची छाती फुगली.

"अठरा असते, साहेब."

"अठरा? म्हणजे जवळजवळ दुप्पट? मग त्यात कारागिरी काय राहिली!"

कोचसर शिडीवर चढले. नशिबाने हवेचं तोंड खालच्या बाजूला होतं. त्यांनी खिशातली हवा भरायची पिन त्यात खुपसली, बॉल फुस्स झाला आणि थेट साहेबांच्या डोक्यावर पडला.

पुन्हा हवा भरून मंडळी कशीबशी पाचला मैदानावर पोचली. ग्रीस काही पुरतं निघालं नव्हतं. बॉल कोणाच्याच हातात ठरेना, जी ती दुसरीच्या अंगावर ढकलून मोकळी! शेवटच्या मिनिटाला तो लेकीच्या हातातून असा सटकला, की सरळ रिंगच्या मधोमध पडला. कुठेही न घासता! सामना जिंकला. मुलींनी तिला उचलून घेतलं आणि सारं मैदान टाळ्यांनी दणाणलं.

साहेबांचे डोळे भरून आले. बायकोलाही गहिवरून आलं. तिने हळूच त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"बघितलंस?" साहेब म्हणाले. "चारही बाजूंनी फट!"