पोटफोडे, पण डॉक्टर नव्हेत

वामनराव पोटफोड्यांच्या दारात कुणी कण्हत आलं, की ते आधी बसायला घोंगडी टाकत, मग तांब्याभर पाणी देत, मग गाव कुठलं, घरी कोण कोण, यंदा कालव्याला पाणी कसं आहे, हे सगळं विचारून घेत आणि सरतेशेवटी सांगत, "पर मी डाक्टर न्हवं." तोवर निम्म्यांचं दुखणं हलकं झालेलं असे. उरलेल्यांना ते दंडाला धरून पुढच्या आळीतल्या पोटफोड्यांच्या दवाखान्यात पोचवून येत.

बारामतीत त्या काळी दोन वामन सखाराम पोटफोडे होते. नातं म्हणाल तर काही नाही. एक पुण्याला शिकून आलेले डॉक्टर. दुसरे हे आमचे वामनराव, इंदापुरात एका पिठाच्या गिरणीवर इंजिन चालवता चालवता यंत्रातलं सगळं शिकलेले. डॉक्टरांनी दवाखाना उघडला त्या दिवशी वामनराव नारळ घेऊन गेले. "तुमी वामन? मी बी वामन. वडील सखाराम? माजं बी सखारामच. मंग आता बगायचं, कोन कुनाचं नाव घालवतंय!" डॉक्टर फार कमी बोलणारे, पण त्या दिवशी तेही हसले म्हणतात. आधीच पोटफोडे नावाच्या माणसाला पोट दाखवायला जाणं जिवावर येई, त्यात हे दोन. एस.टी.तून उतरलेला माणूस "पोटफोडे कुठं ऱ्हात्यात?" म्हणून विचारी आणि वाटेत आधी लागे ते घर वामनरावांचं.

मी शाळामास्तर, त्यांच्या समोरच्याच खोलीत भाड्यानं राहत होतो. वामनरावांची बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. घरात माणसाला बसायला जागा कमी आणि लोखंडच जास्त.

जगातल्या सगळ्या बिघाडांवर त्यांचं निदान एकच, "कुठंतरी हवा अडली हाय." स्टोव्ह भडकला, हवा अडली. माझी बदली रखडली, "मास्तर, वर कुठंतरी हवा अडली आसंल." शेजारच्या नवराबायकोचं वाजलं तरी तेच. इंजिनाच्या बाबतीत मात्र हे निदान हटकून खरं ठरे. कालव्याच्या पट्ट्यात तेलावरची इंजिनं तेव्हा नवी नवी येत होती, आणि ती बंद पडली की वामनरावांशिवाय कुणाचं पान हलत नसे.

पण दुरुस्तीत त्यांचा जीव रमत नसे. त्यांना नवं काही काढायचं असे. कन्हेरीत ज्वारीवरची पाखरं हाकायला त्यांनी पाटाच्या पाण्यावर एक चाक बसवलं. चाक फिरलं की पत्र्याचा डबा वाजे. तो इतका तालात वाजू लागला, की पाखरं त्या डब्यावरच बसून कणसं न्याहाळू लागली आणि झोप उडाली ती गावाची. पाळण्याला रवी जोडण्याची त्यांची युक्ती तर नामी होती. आईनं पाळणा हलवला की ताक आपोआप घुसळायचं. पण बाळ गुणी निघालं, न हलवताच झोपू लागलं आणि त्या घरात ताक होईना. बाळाची आई तक्रार घेऊन आली, तर वामनराव म्हणाले, "यंत्रात खोट न्हाय. पोरगं लई शांत हाय तुजं, त्येला मी काय करू?"

अशा या माणसाचा खरा वकूब मला कळला तो एका चैत्रातल्या रविवारी.

सकाळी मी त्यांच्याकडं चहाला बसलो होतो. अंथुर्ण्याहून एक गडी सायकल मारत आला. घामानं निथळत होता. पोटफोडे हेच ना, एवढी खात्री करून त्यानं एका दमात सांगितलं, "तात्यांनी धाडलंय. थोरली पडलीया."

वामनराव सावरून बसले. "कवापासनं?"

"काल सांजच्यापासनं. लई तापलीया. हात लाववंना."

"आवाज?"

"नुसती घरघर. मधीच धाप लागती."

"पानी?"

"पितीय तेवढं भाईर टाकतीया."

"हवा अडली," वामनराव म्हणाले. "वलं फडकं टाकलंय का वरनं?"

"टाकलंय की."

"ब्येस केलंत. तू हो म्होरं, आलोच मी."

आता तुम्ही म्हणाल, एवढ्यावरून कळू नये? पण अंथुर्ण्याच्या या तात्यांकडं दोन इंजिनं होती, आजवर कधी न बिघडलेली, त्यामुळं वामनरावांना ती नुसती ऐकून ठाऊक. घरात त्यांना थोरली आणि धाकटी म्हणत. खंडेनवमीला त्यांना हळदकुंकू वाहिलं जाई. गडी सायकलवर टांग टाकून गेलासुद्धा. वामनरावांनी पाने-हातोड्यांची पिशवी उचलली, रॉकेलचा डबा माझ्या हातात दिला आणि आम्ही एस.टी. गाठली.

तात्या वेशीतच उभे होते. त्यांनी वामनरावांचे हात धरले. "आलात, लई उपकार झालं." आम्हाला विहिरीकडं न नेता ते थेट माजघरात घेऊन गेले. तिथं बाजेवर त्यांची थोरली सून पडली होती. डोळे अर्धे मिटलेले, छाती भात्यासारखी वरखाली होत होती. पायथ्याशी सासू तिचं तान्हं पोर मांडीवर घेऊन बसलेली.

वामनरावांच्या हातातली पिशवी खाली पडली.

"तात्या, मी त्यो न्हवं."

"मंग कोन तुमी?"

"पोटफोडेच. पर इंजनाचा."

म्हातारीनं पोराला छातीशी घट्ट धरलं. पोरीचा जीव जाणार, हे त्या माजघरात प्रत्येकाला दिसत होतं, आणि दवाखाना होता बारामतीला. बारामतीची एस.टी. आता संध्याकाळशिवाय नव्हती.

वामनराव ओरडले, "गाडी जुपा!"

पुढं जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं म्हणून सांगतो. गाडीच्या चार कोपऱ्यांना त्यांनी मेढी बांधल्या. मघाचा गडी नुकताच पोचून दम खात होता. त्याच्या सायकलीच्या ट्यूबा कापून त्यांवर बाज टांगली, म्हणजे गाडीचा हिसका बाजेला लागू नये. गडी "आवं माजी सायकल!" म्हणेपर्यंत तिचं मागचं चाकही निघालं. त्याला रॉकेलच्या डब्याच्या पत्र्याची पाती बसवून ते त्यांनी अशा बेतानं जखडलं, की गाडीचं चाक त्याला घासून जाईल. बैल चालले की पंखा फिरे. वर ओलं पोतं. त्या पंख्याचा वारा पोत्याखालून थेट पोरीच्या तोंडावर येत होता. त्या उन्हात आम्ही घामानं भिजलो होतो, पण बाजेवर पाटाजवळ बसल्यासारखा गारवा होता. सबंध वाट वामनराव गाडीबरोबर चालत आले. एक हात बाजेला, आणि तोंडानं सारखं, "आलंच हां बाय, आलंच बारामती."

डॉक्टरांनी पोरीला तपासलं, न्युमोनिया म्हणाले, इंजेक्शन दिलं. ती वाचली. डॉक्टर बाहेर आले आणि त्या गाडीभोवती एक फेरी मारून वामनरावांना म्हणाले, "एवढ्या लांबून ती जिवंत आली, ती तुमच्यामुळं." आणि पुढं म्हणाले, "पण सकाळीच माझ्याकडं निरोप आला असता तर बरं झालं असतं."

"पाटी लावतो मी," वामनराव म्हणाले.

आठवड्यात पाटी लागली. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी पत्र्याचा मोठा हात, हातावर औषधाची बाटली, बोट दवाखान्याकडं. त्यांच्या हातून बनलेली न हलणारी ती पहिलीच वस्तू. वाऱ्यानंसुद्धा बोट फिरू नये म्हणून त्यांनी ती चारी बाजूंनी रिबिटं मारून पक्की केली.

पाटी उत्तम चालली. चुकून येणारं माणूस बंद झालं. इंजिनवाले निरोप ठेवून घाईनं बाजाराला जात, बसत नसत. वामनराव उंबऱ्यात बसून रस्त्याकडं बघत राहत. मला ते बघवत नसे.

मग दुपारचे ते घरात दिसेनासे झाले. एक दिवस मला खोकला झाला म्हणून दवाखान्यात गेलो, तर बाकावर रोग्यांच्या ओळीत वामनराव! शेजारच्या म्हाताऱ्याला विचारत होते, "गाव कुठलं म्हनलासा?"

"वामनराव, बरं नाही का?"

ते ओशाळले. "न्हाय, बसलोय जरा. हितं मानसं आसत्यात."

मी मुद्दाम मागं रेंगाळलो. रोगी संपले, बाक रिकामा झाला. तेव्हा कंपाउंडरनं खणखणीत आवाजात नाव पुकारलं, "वामन सखाराम पोटफोडे!" वामनराव उठले, टोपी नीट केली आणि आत गेले. दाराच्या फटीतून मला दिसलं. डॉक्टरांनी त्यांच्या छातीला नळी लावली आणि डोळे मिटून कितीतरी वेळ ऐकत बसले. त्या छातीत काही दोष नव्हता, हे डॉक्टरांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

वामनराव बाहेर आले ते तोंडभर हसत.

"काय म्हणाले डॉक्टर?"

"उद्या परत बोलावलंय."